कापलेल्या डोंगराचा राखणदार कोण?

मावळात दरडीचा विषय निघाला की लोक माळीणचं नाव घेतात, इर्शाळवाडीचं घेतात, तळियेचं घेतात. भाज्याचं नाव क्वचितच कुणाच्या तोंडी येतं. जुलै १९८९ मध्ये विसापूर किल्ल्याच्या पायथ्याला भाजे गावावर दरड कोसळली आणि चाळिसाच्या आसपास माणसं गाडली गेली. पावसाळ्यातल्या रविवारी मळवली स्टेशनावर उतरून लेण्यांकडे आणि लोहगडाकडे निघालेली तरुण मुलं त्याच गावातून भिजत, गाणी म्हणत जातात. त्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं. विस्मरण इतकं पक्कं झालं, की डोंगर पुन्हा कापायला कुणाचा हात अडखळत नाही. हा लेख लिहावासा वाटला तो त्यामुळे.

पुढचा संवाद मामा-भाचीचा आहे. मामा लोहगड-विसापूरच्या पवनेकडच्या अंगाला राहतात. उभी हयात रेल्वेत गेली, तीही कर्जत-लोणावळा घाटात, हिल गँगमध्ये. भाची पुण्यात असते. जमिनीचा आणि पायाचा अभ्यास करून रस्त्यांच्या, इमारतींच्या कामांना सल्ला देणं हा तिचा व्यवसाय. मामांचं डोंगरउतारावरचं वरकस रान एकाला बंगल्यांसाठी हवं आहे, आणि भाचीला ते पटलेलं नाही. दोघांची नावं आणि गावाचं नाव मुद्दाम देत नाही. पवनेच्या काठाने फिरलं तर हाच वाद दर दोन गावांआड ऐकू येईल.

भाची : मामा, वरचं रान विकलं म्हणे तुम्ही?

मामा : विकलं नाही अजून. माणूस येऊन बघून गेला. नाचणी-वरई कधीच बंद झाली, आता नुसतं गवत माजतं. तो म्हणतो, चार टप्पे पाडू, टप्प्यावर दोन-दोन बंगले बांधू. समोर पवनेचं पाणी दिसतं, त्याचेच पैसे.

भाची : चार टप्पे म्हणजे चार ठिकाणी डोंगराचा पाय कापणार.

मामा : कापल्याशिवाय सपाटी कुठून येणार? पोरी, घाटात आम्ही दुसरं काय बघितलं? इंग्रजांनी अख्खा बोरघाट कापला, १८६३ साली गाडी सोडली. सदतीस फुटांना एक फूट चढ. आजही गाड्या चालू आहेत. कापलं म्हणून डोंगर पडत नाही. कापून सोडून दिला की पडतो.

भाची : चालू आहेत, पण सुखासुखी नाही. घाटातला एक मोठा दगडी पूल १८६७च्या पावसाळ्यातच कोसळला होता. २०१९ साली मंकी हिलच्या खाली पावसाने मार्गाचं इतकं नुकसान केलं की एक लाइन कित्येक आठवडे बंद ठेवावी लागली.

मामा : बंद ठेवली ना? तेच सांगतोय. बंद ठेवायला कुणीतरी होतं.

इथे हिल गँगचं काम थोडं जवळून पाहायला हवं. खंडाळ्याच्या बाहेर ज्यांनी ते कधी पाहिलं नाही, त्यांना मामांच्या बोलण्यातला आत्मविश्वास कुठून येतो ते कळणार नाही. उन्हाळा तापला की ही माणसं कड्यावर चढतात. कमरेला दोर, हातात हातोडा, सोबत पहार. रुळांवर येऊ शकेल असा धोंडा दिसला की त्याला ठोकून पाहायचं. पक्का असेल तर आवाज टणक येतो आणि हाताला झटका बसतो. आतून भेग गेलेली असेल तर आवाज बद्द येतो. बद्द वाजला की पहारीने हलवून बघायचं. हलला, तर रंगाची खूण करायची, ब्लॉक घ्यायचा, म्हणजे तेवढा वेळ गाड्या थांबवायच्या, आणि तो धोंडा पावसाने पाडायच्या आधी आपणच पाडायचा. मग बोल्डर स्पेशल नावाची गाडी येते आणि खाली आलेले दगड उचलून नेते. जो पाडता येत नाही त्याला जाळी, नाहीतर खालून काँक्रीटचा टेकू. पावसाळ्यात रात्रीची गस्त असते. ठाकूरवाडी, जांब्रुंग, नागनाथ, मंकी हिल ही नावं प्रवाशाला खिडकीतून दिसतात तेव्हा कुणीतरी त्या अंधारात बत्ती घेऊन रुळांवरून चालत गेलेलं असतं.

हे काम किती मोलाचं आहे ते आपल्याकडे पुरेसं बोललं गेलेलं नाही. दरडींबद्दल शिकायला आपण परदेशांकडे पाहतो, आणि घाटात दीडशे वर्षं साठलेलं शहाणपण खलाशांच्या आणि मुकादमांच्या निवृत्तीबरोबर घरी बसतं.

मामा : आमच्या हद्दीत कुठला धोंडा कुठे आहे, कुठल्या कपारीतून पाणी येतं, सगळं पाठ असायचं. साहेब बदलायचे. डोंगर आणि गँग तीच.

भाची : मान्य. पण तुम्ही दगड ठोकून बघत होता. मातीला ठोकून काय आवाज येणार?

मामा : म्हणजे?

भाची : म्हणजे दरड एक प्रकारची नसते. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक थर साचत गेले. काळा पाषाण टणक, पण त्याला उभ्या भेगा. त्याच्या खाली-वर भुसभुशीत, भोकाभोकांचा दगड. आणि दोन थरांमध्ये मधूनच विटेसारखा तांबडा पट्टा. घाटात रस्त्याच्या कडेला दिसतो तो.

मामा : दिसतो की. त्याच्या वरूनच झरे फुटतात.

भाची : अगदी बरोबर. उभ्या भेगांतून पाणी खाली उतरतं, तांबड्या थराला लागलं की आणखी खाली जात नाही, आडवं बाहेर येतं. तो थर भिजून झिजत जातो, वरचा काळा पाषाण अधांतरी राहतो आणि एक दिवस तुटतो. ही झाली तुमची दरड. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर आडोशी बोगद्याजवळ १९ जुलै २०१५ला मोटारीवर दगड येऊन दोघं गेले, ती अशी. तिथे जाळ्या लावता येतात, धोंडे उतरवता येतात. पण माळीण तशी नव्हती. तिथे उतारावरचा मुरूम आणि माती पाणी पिऊन पिऊन जड झाली आणि चिखल होऊन आली. त्या मातीत ना धोंडा हलताना दिसतो, ना बद्द आवाज येतो. तुमचं वरकस रान त्या जातीचं आहे. खाली खडक आहे, वर दोन-तीन पुरुष मुरूम-माती.

मामा गप्प बसले नाहीत. ते म्हणाले की मातीलाही तोंड असतं, ते पाण्याचं. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते भाचीच्या पुस्तकातही असंच लिहिलेलं आहे, हे तिनेच कबूल केलं. नेहमीचा झरा अचानक गढूळ झाला, किंवा बंद पडला, किंवा नसलेल्या जागी नवा फुटला, तर वर काहीतरी सरकलं आहे. घराच्या वरच्या अंगाला जमिनीला चंद्रकोरीसारखी भेग पडली तर ती मातीने बुजवून स्वस्थ बसायचं नाही, कारण पाऊस आता त्या भेगेतून थेट आत उतरणार आहे. सरळ वाढलेली झाडं, विजेचे खांब उताराकडे झुकू लागले, कालपर्यंत लागणारं दार आज चौकटीत अडकू लागलं, तर घर सोडायचं.

भाची : पाणी किती असतं त्याचा हिशेब सांगू? एक एकरावर तीनशे मिलिमीटर पाऊस पडला की बारा लाख लिटर पाणी होतं. बाराशे टन. २०२४च्या जुलैत लोणावळ्यात एका दिवसात तेवढा पडला. सगळं मुरत नाही, बरंच वाहून जातं. पण उतार जसाच्या तसा असला, गवत-झाडोरा असला, तर वाहायला त्याच्या जुन्या वाटा असतात. तुमचा तो माणूस टप्पे पाडणार, म्हणजे प्रत्येक टप्पा हा एक ताटवा. पाणी थांबणार, मुरणार. वर तो स्विमिंग पूल बांधणार, लॉनला रोज पाणी मारणार, शोषखड्डा काढणार. डोंगराच्या पोटात बारमाही पाणी.

मामा : भिंत घालतोय ना तो. दहा फुटी, आरसीसी.

भाची : चला, दाखवते तुम्हाला भिंत.

खालच्या वाडीच्या वळणावर आधीच झालेला एक बंगला आहे. त्यामागे डोंगर उभा कापून भिंत घातलेली आहे. भिंतीत पाणी निघून जायला ठरावीक अंतरावर प्लास्टिकचे पाइप सोडलेले होते. त्यातून पावसात लाल गढूळ पाणी येऊन बांधलेली फरशी खराब होते, म्हणून कुणीतरी त्यातले बरेचसे पाइप सिमेंटने बुजवून वर रंग मारला होता. बुजवलेली तोंडं रंगाखालून गोल गोल उठून दिसत होती. एका पाइपातून गवताचं मूळ बाहेर आलं होतं. भिंतीच्या मध्यावर एक आडवी भेग होती आणि तिच्यावर पांढरी पुटं चढली होती, म्हणजे पाणी तिथून झिरपत होतं.

भाची : भिंत माती धरून ठेवायला बांधलेली असते, पाणी धरायला नाही. तीन मीटर उंच भिंतीच्या मागे काठोकाठ पाणी तुंबलं, तर भिंतीच्या दर मीटर लांबीला नुसत्या पाण्याचा रेटा साडेचार टनांच्या घरात जातो. मातीचा रेटा तो वेगळाच. हे पाइप म्हणजे भिंतीचा जीव होता.

मामा : अरे, पण हे तर अर्ध्या तासाचं काम आहे! पहारीने सिमेंट फोडायचं, गज घालून पाइप साफ करायचे. आम्ही दरसाल पावसाच्या तोंडावर करायचो.

भाची : करणार कोण? मालक मुंबईला. बांधणारा बंगला विकून मोकळा. माळी पगारावर, त्याला फरशी स्वच्छ ठेवायला सांगितलंय. ग्रामपंचायतीत या भिंतीची नोंद नाही. खाली राहणाऱ्यांना ती कुणाची, केव्हा बांधली, कुणी तपासली, काही ठाऊक नाही. तुम्ही म्हणता कापून सोडून दिला की पडतो. मी म्हणते, इथे सोडूनच देणार आहेत, म्हणून कापू नका.

माझ्या मते सगळ्या वादाचं मर्म या भिंतीपाशी आहे. लोहमार्गाला गँग आहे, महामार्गाला टोल आहे आणि टोलच्या पैशातून जाळ्या आहेत. तरीही २३ जुलै २०२३च्या रात्री आडोशीजवळ पुन्हा दरड आलीच. पण निदान यंत्रं पोहोचली, मार्ग मोकळा करणारी माणसं होती. ज्या उताराखालून पैसा आणि प्रवासी धावतात त्याला राखणदार आहे. ज्याच्याखाली फक्त वाडी झोपलेली आहे त्याला कुणी नाही. त्याच आठवड्यात, १९ जुलैच्या रात्री, घाटाखाली खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर डोंगर आला. ठाकर समाजाची वाडी. वर जायला गाडीरस्ता नाही, म्हणून यंत्रं पोहोचली नाहीत. हवामानामुळे हेलिकॉप्टर उतरू शकलं नाही. माणसांनी कुदळ-फावड्यांनी चिखल उपसला. सत्तावीस मृतदेह निघाले आणि सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत. चार दिवसांनी शोध थांबला.

मामा : तुमच्या यादीत होती का इर्शाळवाडी?

भाची : नव्हती.

मामा : मग? माळीण झाल्यावर जिल्ह्याने धोक्याच्या गावांची यादी केली, त्यात मावळातलीही गावं आली. इथेही माणसं येऊन गेली, कागद भरून नेले. यादीत आहे म्हणून कुणी भिंत बांधली नाही, आणि यादीत नाही म्हणून डोंगर थांबला नाही. तू म्हणतेस बांधू नका. उद्या तुझेच साहेब म्हणतील, उठा इथून. कुठे जाऊ?

भाची : सगळ्यांनी उठावं असं मी म्हणत नाही.

मामा : म्हणतात गं. माळीणकरांना आमड्याला नवं गाव बांधून दिलं. २०१७च्या एप्रिलात घरं ताब्यात दिली. जूनच्या पहिल्याच पावसात तिथले रस्ते खचले, भराव सुटला. तेही डोंगर कापूनच बांधलेलं! शहाण्यांनी बांधलेलं.

याला भाचीकडे उत्तर नव्हतं, आणि तिने ते द्यायचा प्रयत्नही केला नाही. माळीणबद्दल बोलताना आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ३० जुलै २०१४च्या सकाळी १५१ माणसं गेली आणि पुढच्या काही दिवसांतच पडकईला दोष देणं सुरू झालं. पडकई म्हणजे आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यात उतारावर भाताची खाचरं काढायची रीत. पूर्वी गावकी एकत्र येऊन हाताने करायची, पुढे सरकारी योजनेतून यंत्रं आली. माळीणच्या दरडीत यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाचा वाटा किती, यावर जाणकारांचं एकमत नाही. पण एवढं खरं, की तीन गुंठे भातासाठी खाचर काढणाऱ्याला आरोपी करायला आपल्याला वेळ लागला नाही. तीच सपाटी लोणावळ्यात पोहण्याच्या तलावासाठी झाली की तिला विकास म्हणायचं, हे मला सहन होत नाही.

भाची : मामा, एक सांगते. राज्याचा बांधकामाचा नियम आहे. एकास पाचपेक्षा जास्त उतार असेल तिथे बांधकाम नाही. पाच फूट आडवं गेल्यावर एक फुटापेक्षा जास्त चढ असेल, तर नाही. कुणी पाळत नाही ते सोडा. निदान आपलं रान तरी मोजू.

मामा : मोजायचं कशाने? तुझी दुर्बीण आणली नाहीस.

भाची : गवंड्याची लेव्हलची नळी आहे की घरात.

पारदर्शक नळीत पाणी भरलं, एक टोक मामांनी बांधाच्या दगडाशी धरलं, दुसरं भाची घेऊन वर गेली. वरच्या अर्ध्या रानात पाच फुटांना चढ दोन फुटांच्या पुढे भरला. खालचा एक तुकडा, जिथे पूर्वी भाताची रोपं टाकत, तो तेवढा नियमात बसला.

मामा : म्हणजे वर कायद्यानेच नाही. मग तो माणूस परवानगी कशी आणणार?

भाची : आणणार नाही. आधी शेतघर म्हणेल. रात्री जेसीबी लावेल. पावसाळ्याआधी टप्पे पडलेले असतील, मग दंड भरून नियमित करून घ्यायचं बघेल.

मामा : म्हणून सांगतो, नुसती बंदी चालत नाही. बंदी असली की चोरून कापतात, आणि चोरून कापलेल्याला भिंतही नसते. त्यापेक्षा उघड कापू द्या, पण नाव लिहून घ्या. हा कापलेला डोंगर अमक्याचा. दर मे महिन्यात त्याने पाइप साफ करायचे, गटार उपसायचं, गावाने जाऊन बघायचं. नाही केलं तर गावाने करून त्याच्या घरपट्टीत लावायचं.

भाची : हे हाँगकाँगमध्ये केलंय, तुम्हाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. १९७२च्या जूनमध्ये तिथे एकाच दिवशी दोन ठिकाणी दरडी आल्या आणि शंभरावर माणसं गेली. १९७६ला पुन्हा. १९७७ला त्यांनी उतारांसाठी वेगळं खातंच काढलं. आज तिथे माणसाने कापलेल्या किंवा भर घातलेल्या प्रत्येक उताराला क्रमांक आहे. साठ हजारांच्या आसपास उतार. भिंतीवर पाटी असते. रस्त्याने जाणारा कुणीही त्या पाटीवरच्या नंबरवरून कळवू शकतो की इथे पाणी झिरपतंय, भेग दिसते.

मामा : बघ! गँगच झाली की ही.

भाची : पण त्यांनी नव्या कापणीवर आधी नियंत्रण आणलं. आराखडा तपासल्याशिवाय कुदळ नाही. तुम्ही तेवढं गाळून पुढचं घेताय.

दोघांमध्ये कुणाचं खरं, असं विचारलं तर मी भाचीच्या बाजूला आहे, एका गोष्टीत सोडून. नवी कापणी थांबली पाहिजे, हे तिचं म्हणणं मला कुठलीही पळवाट न ठेवता पटतं. राखणारा माणूस दाखवता येत नसेल तर कापायचा अधिकार नाही. पण जी गावं आज तिथे आहेत, ज्यांच्या मागे पूर्वीच कुणीतरी डोंगर कापून ठेवलेला आहे, त्यांना नियम काय देणार? त्यांना मामा लागतात, पहार घेऊन.

पावसाबद्दल दोघं सहज एकत्र आले. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि लोकलने तीस किलोमीटर पुढे तळेगावला गेलं तर त्याच्या चौथा-तिसरा हिस्साच. घाटमाथ्यापासून पूर्वेला सरकलं की एकेका खोऱ्यात पाऊस बदलतो. तालुक्याच्या एका ठिकाणी मोजलेल्या आकड्यावरून लोहगडाच्या मागच्या वाडीवर काय पडलं ते कळत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०२४मध्ये कोलकात्यात दरडींच्या पूर्वसूचनेचं राष्ट्रीय केंद्र सुरू केलं. सुरुवातीचं काम दार्जिलिंग, कालिम्पाँग आणि निलगिरीचं. मावळातल्या वाडीने तोवर थांबायचं कशाला? शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवायचा, रोज सकाळी फळ्यावर आकडा लिहायचा. सलग तीन-चार दिवस डोंगर भिजत राहिला आणि वरून रात्री जोर वाढला, तर उताराखालच्या घरांनी समाजमंदिरात झोपायचं. भाचीचं म्हणणं, आकडा गावागावाचा वेगळा ठरवावा लागेल आणि पहिली काही वर्षं विनाकारण उठावं लागेल. मामांचं म्हणणं, रेल्वेत विनाकारण थांबलेल्या गाडीची कुणी तक्रार करायचं, दरडीखाली आलेल्या गाडीतला करत नाही.

मग विषय लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याकडे गेला. टायगर पॉइंट-लायन्स पॉइंटला काचेचा स्कायवॉक आणि त्याबरोबर झिपलाइन वगैरे साहसी खेळ, असा ३३३ कोटींच्या आसपासचा प्रकल्प राज्य सरकारने आणला आहे. मामांना त्यात पोरांच्या नोकऱ्या दिसतात. भजी-मक्याच्या गाड्यांवर पावसाचे चार महिने काढणाऱ्यांना वर्षभर काम मिळेल, हे त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

भाची : उत्तराखंडात औली आहे. बर्फावरून घसरायचा खेळ, स्कीइंग, त्याचं देशातलं नावाजलेलं ठिकाण. त्याच्या खाली जोशीमठ. तिथून वर रोपवे जायचा. ते गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलंय, तिथे मोठी बांधकामं करू नका, उतारावरचे धोंडे हलवू नका, असं मिश्रा समितीने १९७६ सालीच लिहून दिलं होतं. हॉटेलं वाढली, सांडपाणी जमिनीत मुरत राहिलं, रस्ते-बोगद्यांची कामं झाली. जानेवारी २०२३मध्ये शेकडो घरांना भेगा गेल्या आणि रोपवे बंद करावा लागला. पर्यटकांसाठी केलेलं सगळं जागेवर होतं. जमीन तेवढी हलली.

मामा : आपला खडक हिमालयासारखा कच्चा नाही.

भाची : नाही. स्कायवॉकचा पाया धरेलही खडक. मला भीती काचेची नाही. पाचशे गाड्यांचं पार्किंग कुठे कापणार? त्या डांबरावरचं पाणी कुठल्या ओढ्यात सोडणार? खाली कोकणात दरीच्या पायाला वाड्या आहेत, त्यांना कुणी विचारलंय? उद्घाटनाची निविदा निघेल. कड्यावरचे धोंडे दरसाल ठोकून बघायची निघेल का?

मामा : ती काढायला लावायची. आमच्या गँगमधून निवृत्त झालेली कितीतरी माणसं खंडाळा-कर्जतात बसून आहेत. पोरांना शिकवतील. तेही कामच आहे, भजी तळण्याइतकंच.

भाचीने हे पहिल्यांदाच वहीत लिहून घेतलं. तिच्या कचेरीत उतारांच्या तपासणीचे अहवाल होतात. त्यात धोंडा ठोकणाऱ्या माणसाचा रकाना नसतो.

शेवटी रानाचं काय, यावर मात्र जमलं नाही. मामांनी ठरवलं, वरचं अर्धं विकायचं नाही, खालचा नियमात बसणारा तुकडा द्यायचा आणि खरेदीखतातच अट घालायची, की कापणी झाली तर भिंतीची आणि गटाराची दरसालची जबाबदारी घेणाऱ्याची. भाची म्हणाली, तो दोन वर्षांनी दुसऱ्याला विकेल, दुसरा तिसऱ्याला, आणि अट कागदातच राहील. मामा म्हणाले, म्हणूनच ती ग्रामपंचायतीत नोंदवायची. येत्या ग्रामसभेत ते ठराव मांडणार आहेत : गावाच्या हद्दीत उतार कुठे कुठे कापला आहे त्याची यादी करायची, प्रत्येकासमोर मालकाचं नाव लिहायचं आणि ती चावडीच्या भिंतीवर रंगवायची.

भाची : मामा, वळणावरच्या त्या बंगल्याची जमीन दादामामांनी विकलेली. कापून, सपाट करूनही त्यांनीच दिली. यादीत पहिलं नाव तुमच्या सख्ख्या चुलतभावाचं येईल.

मामा : येऊ दे. त्याचं घरही त्याच भिंतीखाली आहे.